समोरची सीट तुमचीच

दारव्ह्याच्या स्टँडबाहेर उकंडा भगतची काळीपिवळी जीप सत्तावीस वर्षं उभी राहत आली आहे, आणि या सत्तावीस वर्षांत 'गाडी भरली' हे दोन शब्द उकंडाच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. गाडी दहा माणसांची. चौदा बसले की तो म्हणणार, "या, जागा हाये." अठरा बसले की, "जरा जरा सरका, जागा हाये." त्यावर आणखी कोणी आलंच, तर स्वतः स्टिअरिंगमागून उजवीकडे सरकून अर्धा दाराबाहेर लटकणार आणि रिकाम्या झालेल्या वीतभर सीटकडे बोट दाखवून म्हणणार, "हे काय, जागाच जागा हाये!"

याचं मूळ त्याच्या नावात आहे. त्याच्याआधीची दोन लेकरं हातची गेली होती. घरानं धम्मदीक्षा घेऊन दहा वर्षं झाली होती, जुने रिवाज उंबऱ्याबाहेर टाकले होते. पण नातवाच्या जिवाची गोष्ट आली तेव्हा आजीनं कोणाचं ऐकलं नाही. जन्मल्या दिवशी तिनं पोराला टोपलीत घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारच्या सुखीबाईनं "सापडलं, सापडलं" म्हणत उचलून घरी आणलं, आणि पोराचं नाव उकंडा पडलं. टाकून दिलेलं लेकरू न्यायला मरण कशाला येईल, असा आजीचा हिशेब. पोर जगलं. मोठं झाल्यावरही आई त्याला सांगायची, "तुले कोणीतरी उचललं म्हून तू हायेस, बाप्पा." हे उकंडानं इतकं मनावर घेतलं की रस्त्याच्या कडेला कोणाचा हात वर दिसला की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जातो. एकदा एक माणूस नुसता आळस देत उभा होता, तर त्यालाही यानं बसवून बोरीपर्यंत नेलं. माणूस बोरीला उतरला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपल्याला कुठेच जायचं नव्हतं.

बाकीचे ड्रायव्हर गाडी गच्च झाली की काचेतून मान बाहेर काढतात, "मांगून दुसरी येऊन राह्यली" असं सांगतात आणि सुटतात. मागून काही येत नसतं, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. उकंडाला ते कधी जमलं नाही. त्याची स्वतःची ठेवणीतली वाक्यं दोनच. पहिलं, "बसा, निघालीच." मग गाडी अर्धा तास जागची हलत नाही. आणि दुसरं, "समोरची सीट तुमचीच." हे तो स्टँडवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. समोरची सीट म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या अंगाची, खिडकीपाशीची. तिथे वारा लागतो, पाय पसरता येतात, कोणाचा कोपर बरगडीत रुतत नाही. माणूस त्या आशेनं चढतो, चढल्यावर बघतो तर तिथे आधीच कोणीतरी बसलेलं. तोवर त्याची पिशवी आत गेलेली असते.

या गाडीत एक सवारी अशी होती की तिनं सत्तावीस वर्षांत त्या सीटचं तोंड पाहिलं नाही. ती म्हणजे उकंडाची बायको, रुखमाबाई. अंगणवाडीत मदतनीस, आवाज बारीक, डोळे मोठे. यवतमाळला मीटिंग असो की दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असो, रुखमाबाई मागच्या दाराजवळ, आडव्या बाकावर, पाय स्टेपनीवर. कारण ती घरची. समोर बसायची ती सवारी, घरच्या माणसानं मागे सरकायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती आपणहूनच मागच्या दाराकडे जायची आणि उकंडालाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मागे बसल्यामुळे रस्त्यावरचं कुठलंही गाव येताना तिनं पाहिलं नव्हतं. ती त्यांना जातानाच पाहत आली.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिच्या मावसबहिणीनं तिला चिखलदऱ्याचं सांगितलं होतं. परतवाड्याच्या पुढे घाट लागतो, अन् घाटात गाडीच्या खिडकीतून ढग आत येते, हात काढला की हाताले ओलं लागते. रुखमाबाई उकंडाला म्हणाली, "मले न्या एकदा." उकंडा म्हणाला, "निघूच." तेव्हा तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होता. मग जीप आली, पोरगा झाला, पोरगा शिकून पुण्याला नोकरीला लागला. दरवर्षी पोळ्याच्या सुमारास ती विचारायची आणि तो म्हणायचा, "निघूच." स्टँडवर थांबलेल्या गाडीसारखंच त्याचं ते बोलणं.

आणि मग या वर्षी गाडीचे दिवस भरले. वय झालं म्हणून तिला रस्त्यावर धावायची परवानगी सप्टेंबरअखेर संपणार होती, पुढे भंगार. ही बातमी उकंडानं गाडीतच सांगितली, पाठमोरा, रस्त्याकडे बघत. रोजच्या अपडाऊनवाल्यांतले नानाजी म्हणाले, "असं कसं भंगारात देतं? आधी तिले कुठंतरी फिरवून आणू."

नानाजी म्हणजे यवतमाळच्या एका कचेरीतले निवृत्त कारकून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी आठवड्यातून तीनदा याच गाडीनं यवतमाळला जातात. काम काही नसतं, सवय असते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुठे जायचं यावर बोरी येईपर्यंत रणकंदन झालं. शेवटी उकंडाच्याच तोंडून निघून गेलं, "चिखलदरा." बोलल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्या दिवसापासून गाडीत दुसरा विषय राहिला नाही. मोबाइलच्या दुकानात कामाला जाणाऱ्या रजतनं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, नाव 'चिखलदरा पक्का'. दोन दिवसांत त्यात एकतीस माणसं जमा झाली, त्यातली सहा कधी या गाडीत बसलीच नव्हती. तारखेवर मतदान घेतलं. निंदण संपलेलं हवं, सोयाबीन सोंगायला आलेलं नको, पोळा घरी व्हायला हवा आणि गणपती बसायच्या आत परत यायला हवं. हे सगळं चाळणीतून गाळल्यावर खाली एकच रविवार उरला. तरी त्यावर मतदान झालं आणि सातजणांनी विरोधात मत दिलं.

"वाघ दिसते का तिथं?" रजतचा एकच प्रश्न. बाजूला राष्ट्रीय उद्यान आहे, सफारी असते, हे त्यानं फोनवर वाचलं होतं.

"वाघ पाहायचा तर आपल्या जिल्ह्यात टिपेश्वर काय वाईट हाये?" नानाजी म्हणाले. "पावसाळ्यात जंगलाचे फाटक बंद राह्यते. कायले उगाच वाघाची झोपमोड?"

विमलताईंना वाघाशी देणंघेणं नव्हतं. त्या यवतमाळच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करतात, ऐंशी पोरींचा, दोन्ही वेळ. त्यांना चिखलदऱ्याची रबडी खायची होती आणि धुक्यात बसून रोडगे करायचे होते. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या जाळात भाजलेले कणकेचे गोळे, तेव्हा गोवऱ्या आल्याच. त्यांनी टपावर बांधायला गोवऱ्यांचं एक पोतं तयारही ठेवलं. जंगलाशेजारी जाळ करू देत नाहीत, हे नानाजींनी त्यांना तीन दिवस समजावलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बरं, मी घरून भाजून आणते. पण मंग धूर नाही लागला म्हून कोणी नाव ठेवू नका."

माणसं किती न्यायची, हा खरा गंभीर मामला होता. उकंडावर सोडलं असतं तर एकतीस माणसं आणि ग्रुपमध्ये नसलेली आणखी पाच निघाली असती. म्हणून नानाजींनी दहा नावांची यादी करून स्वतःच्या खिशात ठेवली आणि जाहीर केलं, "घाट हाये. दहाच्या वर एक कोंबडी बी बसणार नाही. उकंडाले कोणी विचारायचं नाही, तो हो म्हणीन." सगळ्यांना ते पटलं. यादी झाली, मुक्कामाची खोली ठरली, कोणी चिवडा आणायचा, कोणी चटई, सगळं ठरलं. फक्त कोणी कुठे बसायचं हे ठरलं नाही, कारण ते ड्रायव्हरचं काम.

घरी उकंडानं रुखमाबाईला तारीख सांगितली. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"मी बी?"

"नाही त काय! यादीत पयलं नाव तुहं हाये."

रुखमाबाईनं भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग ऐका. मले समोर बसायचं हाये. खिडकीपाशी. मांग बसून जायचं असन त मले तुमचा चिखलदरा नको. मांगून मले दिसणार काय? गेलेला ढग?"

इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच काही अट घातली होती. उकंडा म्हणाला, "समोरची सीट तुहीच."

तिनं मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी चप्पल आणली. मैत्रिणीकडून ढगाच्या रंगाचं लुगडं मागून आणलं. अंगणवाडीत दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि कारण म्हणून लिहिलं, 'चिखलदरा'. नुसतं तेवढंच.

आता उकंडानं खरं तर तोंडाला कुलूप घालायचं. पण ज्या तोंडाला सत्तावीस वर्षं एकच वळण लागलंय, ते एका आठवड्यात कसं सुधारणार? मंगळवारी नानाजी टपरीवर चहा पिता पिता म्हणाले, "उकंडा, घाटात मले मळमळते बा. समोर खिडकी मिळाली त बरं होईन." उकंडाच्या डोक्यात विचार यायच्या आधी तोंडातून आलं, "समोरची सीट तुमचीच, नानाजी." बुधवारी विमलताई लंगडत आल्या. "भाऊ, माहा गुडघा वाकत नाही. पाय लांब करायले जागा पायजे." "समोरची सीट तुमचीच, ताई." गुरुवारी रजतला घाटाचा व्हिडिओ काढायचा होता. त्यालाही तीच सीट मिळाली.

शुक्रवारी उकंडानं बोटं मोजली. सीट एक, धनी चार. दर तासाला जागा बदलायच्या, असं त्यानं मनात मांडून पाहिलं. पण घाट तर शेवटच्याच तासात येत होता. नानाजींना सांगावं, तर नानाजी वयानं मोठे. विमलताईंना सांगावं, तर गुडघा खराच सुजलेला. रजतला सांगायचं, तर त्यानं ग्रुपवर आधीच टाकलं होतं, 'लाइव्ह फ्रॉम फ्रंट सीट'. राहिली रुखमाबाई. ती घरची आहे, समजून घेईल, असं त्याच्या मनात आलं, आणि आलं तसं त्यानं ते झटकलं. मग रविवारी बघू म्हणून तो पोळ्याच्या गडबडीत बुडून गेला.

रविवारी सकाळी सहाला स्टँडसमोर गाडी उभी राहिली. धुतलेली, पुसलेली, बोनेटवर शेवंतीची माळ. टपावर चटया, रोडग्यांचा डबा आणि विमलताईंनी कोणाच्या नकळत चढवलेलं गोवऱ्यांचं अर्धं पोतं. उकंडा रुखमाबाईला घेऊन घरून चालत आला तेव्हा समोरच्या डाव्या दारापाशी तीन माणसं उभी होती. नानाजींच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. विमलताईंच्या काखेत गुडघ्याखाली ठेवायची उशी. रजतनं तर मोबाइलचं स्टँड काचेला चिकटवूनही टाकलं होतं.

"मले उकंडानं मंगळवारीच सांगतलं," नानाजी म्हणत होते.

"मंग मले बुधवारी काहून सांगतलं? मंगळवार रद्द झाला म्हून ना?" विमलताई.

"काका, लेटेस्ट त माहंच हाये ना, गुरुवारचं," रजत म्हणाला.

रुखमाबाईनं तिघांकडे पाहिलं. मग उकंडाकडे पाहिलं. उकंडा बोनेटवरची माळ नीट करू लागला, जशी काही ती वाकडी झाली होती. रुखमाबाई वळली, आणि नेहमीसारखी मागच्या दाराकडे जाईल असं उकंडाला वाटलं. क्षणभर, लाज वाटायला हवी, पण त्याला हायसंसुद्धा वाटलं. पण ती मागच्या दाराकडे गेली नाही. ती सरळ घराच्या रस्त्याला लागली. नवी चप्पल करकर वाजत होती.

उकंडा तिघांसमोर येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "माफ करा. म्या चौघायले एकच सीट सांगतली. खोटं बोललो म्या. जीभच तशी झाली हाये माही, काय करू? ती सीट रुखमाची हाये. तिले सगळ्यायच्या आधी सांगतली होती."

तिघं एकमेकांकडे बघू लागले. मग नानाजींना हसू फुटलं, विमलताईंनी तोंडाला पदर लावला आणि रजतनं मोबाइलचं स्टँड काढून खिशात घातलं.

"अबे उकंडा," नानाजी म्हणाले, "पंधरा वर्षं झाली तुह्या गाडीत बसून. 'समोरची सीट तुमचीच' हे आमी कधी खरं मानलं का? एका तरी सवारीनं मानलं का? आमी आपले दारापाशी येऊन नशीब पाहत होतो. लागली त लागली."

"मले त वाटलं, भाऊ गंमत करून राह्यले," विमलताई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष रस्त्यानं जाणाऱ्या त्या ढगाच्या रंगाच्या लुगड्याकडे गेलं आणि त्यांचं हसू थांबलं. "अगं बाई. तिनं मानलं होतं का खरं?"

उकंडाला एवढं लागलं की त्याला पुढे ऐकवेना. सत्तावीस वर्षांत ते वाक्य त्यानं हजारो माणसांना ऐकवलं असेल. त्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस निघालं, आणि ते त्याच्या घरचं. त्या विश्वासापायी तिनं चप्पल घेतली, लुगडं मागून आणलं, सुट्टी टाकली. उकंडा स्टँडच्या भर चौकातून पळत सुटला. साठीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस पळतोय म्हटल्यावर टपरीवाल्यानंही किटली खाली ठेवली.

रुखमाबाईला त्यानं पिंपळापाशी गाठलं. दम लागला होता, बोलता येईना. शेवटी तो म्हणाला, "सीट... मोकळी हाये."

"कोणासाठी?" रुखमाबाईनं विचारलं.

"तुह्यासाठी. आता तुमचीच-बिमचीच काही म्हणत नाही. तू चाल, बस, मंग खरं मान."

रुखमाबाईनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, जशी ती अंगणवाडीत खोटं पोटदुखीचं सोंग करणाऱ्या पोराकडे पाहते. मग ती वळली आणि त्याच्या पुढे चालू लागली. गाडीपाशी आल्यावर तिनं स्वतःच्या हातानं समोरचं दार उघडलं, चढली, लुगडं आवरून बसली आणि दार ओढून घेतलं. शेजारी, मधल्या जागी, नानाजी लिंबू हुंगत बसले. विमलताई मधल्या रांगेत पाय आडवे करून बसल्या. रजत मागे, स्टेपनीवर पाय ठेवून, यादीतल्या बाकीच्यांसोबत दाटीवाटीनं.

उकंडानं चावी फिरवली.

"निघाली म्हणायची एकदाची," रुखमाबाई म्हणाली.

नेर यायच्या आधी एका फाट्यावर एक माणूस उभा होता. दोन्ही हातांत एकेक कोंबडी, पाय धरून उलटी लटकवलेली. त्यानं कोंबडीसकट हात वर केला आणि उकंडाचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी थांबली. माणूस नेहमीच्या सवयीनं समोरच्या दारापाशी आला. उकंडाच्या ओठांवर 'या' आलंच होतं. त्यानं डावीकडे पाहिलं. रुखमाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरून येणाऱ्या रस्त्याकडे बघत होती, पण तिचा एक हात दाराच्या कडीवर घट्ट होता.

"भरली, भाऊ," उकंडा म्हणाला. "गाडी भरली."

त्याचा आवाज एवढा नवखा होता की कोंबडीवाल्यानं वाकून विचारलं, "काय म्हणता?"

तेव्हा रुखमाबाईनं खिडकीतून मान बाहेर काढली. मागच्या बाकावर बसून, इतर गाड्यांशेजारून जाताना, ती जे वर्षानुवर्षं ऐकत आली होती ते तिनं मोठ्यांदा, अगदी चालीवर म्हटलं, "मांगून दुसरी येऊन राह्यलीऽऽ!"

गाडीत असा हशा उसळला की नानाजींच्या हातातलं लिंबू खाली पडलं आणि अमरावतीपर्यंत सापडलं नाही.

परतवाडा मागे पडला आणि घाट लागला. वळणावळणाला दरी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. नानाजींनी डोळे मिटून घेतले होते. रुखमाबाईनं काच पूर्ण खाली केली होती आणि येणारं प्रत्येक वळण ती येताना बघत होती. चौथ्या की पाचव्या वळणाला समोरचा रस्ता पांढरा झाला. उकंडानं गाडी हळू केली, दिवे लावले. गार, ओलसर काहीतरी खिडकीतून आत आलं, डॅशबोर्डवर पसरलं, नानाजींच्या मिशीवर बसलं. रुखमाबाईनं हात बाहेर काढला आणि तसाच बाहेर ठेवला.

"आला का?" उकंडानं विचारलं. त्याला रस्त्यावरून नजर काढता येत नव्हती.

तिनं हात आत घेतला. तळहात ओला झाला होता. नानाजींच्या पोटावरून हात लांब करून तिनं तो उकंडाच्या गालाला लावला.

"हा घ्या," ती म्हणाली. "तुमी बी पाहा."

मागून विमलताईंनी हाक दिली, "रुखमा वं, पाच मिनिटं आमाले बी बसू दे ना समोर!"

उकंडानं गाल पुसला नाही. पांढऱ्या रस्त्याकडे बघत त्यानं दुसरा गिअर टाकला.

"भरली, ताई," तो म्हणाला. यावेळी त्याला ते अगदी सहज जमलं.